गावाचं नाव घेऊन निघालेली माणसं

चांदवडच्या वेशीच्या आत सहसा कुणी चांदवडकर नसतो. रंगमहालाजवळ राहणारा किंवा रेणुकामातेच्या डोंगराखाली शेती करणारा माणूस गावात ओळखला जातो तो बापाच्या नावानं, वाड्यावरून, नाहीतर धंद्यावरून. तोच माणूस आग्रा रोडनं नाशिकला किंवा इंदूरला गेला, तिथं बिऱ्हाड केलं, शाळेत मुलाचं नाव घातलं, की चांदवडकर होतो. मराठीतली ‘कर’वाली आडनावं बहुतेक अशीच लागलेली आहेत. गाव सुटलं की गावाचं नाव चिकटतं. आपण एकमेकांना आडनावानं हाका मारतो, पण त्या आडनावात कुणीतरी एकदा गाव सोडल्याची नोंद असते, हे फारसं ध्यानात येत नाही.

हा नियम मनात ठेवून जुन्या कुलाबा जिल्ह्याकडं, म्हणजे आजच्या रायगडाकडं पाहावं. दिवेकर, केहीमकर, झिराडकर, राजपूरकर, शापूरकर, पेणकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर, नागावकर, अवासकर, घोसाळकर, वाकरुळकर, पुगावकर, तळकर. अलिबागपासून रोह्यापर्यंत आणि पेणपासून श्रीवर्धनपर्यंतचा मुलूख या नावांतून उभा राहतो. ही सगळी ज्यू आडनावं आहेत. बेने इस्रायल समाजात अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत.

या समाजाची स्वतःबद्दलची कथा अशी. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्रानं बाहेर टाकलेली प्रेतं नवगावलाच पुरली. ती जागा आजही दाखवतात आणि तिथं स्मारकही आहे. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारचा खाडा. हे केव्हा घडलं याबद्दल विद्वानांचं एकमत नाही. नावांच्या गोष्टीला मात्र त्या शनिवारापासूनच सुरुवात करावी लागते, कारण शेजाऱ्यांनी या लोकांना दिलेलं पहिलं नाव त्या वारावरून पडलं.

वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचा धंदा धरला. जुना लाकडी घाणा ज्यांनी चालताना पाहिला आहे त्यांना त्याचा आवाज सांगायला नको. जमिनीत रोवलेली जाडजूड उखळ, तिच्यात तिरकी उभी लाट, लाटेला जोडलेलं आडवं लाकूड आणि डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. बैल फिरला की लाट उखळीच्या कडेनं रगडत जाते, तीळ किंवा खोबरं दाबलं जातं, खाली तेल झिरपतं आणि वर पेंड राहते. दिव्यासाठी उंडीचं तेल, खाण्यासाठी खोबरेल आणि तिळाचं. घाण्याची करकर अख्ख्या आळीला ऐकू जाते, म्हणून तो थांबला की तेही अख्ख्या आळीला कळतं. बाकीचे तेली सोमवारी बैल सोडत, कारण तो शंकराचा वार. ही घरं शनिवारी सोडत. कोकणानं या मंडळींना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांचा देव कोणता, ग्रंथ कोणता, याची पंचाईत गावानं केली नाही. घाणा कोणत्या वारी बंद असतो एवढ्यावर ओळख पुरी झाली. पुढं दुसऱ्या देशांतल्या ज्यूंना नावांपायी काय सोसावं लागलं ते पाहिलं, म्हणजे या निष्काळजी वाटणाऱ्या नामकरणाची किंमत कळते.

गावातल्या व्यवहारात पाळण्यातली नावंही मराठी वळणाची झाली. अब्राहामचा आबाजी, बेंजामिनचा बनाजी, सॅम्युएलचा समाजी, आयझॅकचा इसाजी. शिवकाळातल्या येसाजी कंकाच्या नावाच्या हे शेवटचं नाव अगदी जवळ येतं. गावच्या वहीत ‘इसाजी’ लिहिलेलं असेल तर तो मावळा की इस्रायल, हे त्या एका शब्दावरून सांगता यायचं नाही.

समाजाच्या आठवणीत यानंतर मोठं नाव येतं ते डेव्हिड रहाबींचं. हे ज्यू पंडित बाहेरून आले आणि कोकणातल्या या तेल्यांत त्यांना आपला धर्म दिसला. परीक्षा म्हणून त्यांनी बायकांपुढं वेगवेगळे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे बाजूला काढून बाकीचे टाकले, आणि रहाबींची खात्री पटली, अशी कथा आहे. ते कोणत्या शतकात आले यावर वाद आहे. परंपरा त्यांना फार मागं नेते, तर इतिहासकार त्यांचा संबंध १८व्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. त्यांनी धर्मकार्यासाठी तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केलं. त्यांना काझी म्हणत, आणि ती घराणी म्हणजे झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर. झिराड अलिबाग तालुक्यात, राजपुरी मुरूडच्या खाडीवर जंजिऱ्यासमोर. धर्माचा अधिकारही गावांच्या नावांनीच सांगितला गेला. कोहेन आणि लेव्ही या पुरोहित कुळांच्या परंपरेतली आडनावं जगभरच्या ज्यूंत भेटतात. जुन्या बेने इस्रायलांत ती परंपरा नव्हती. त्यांचं कूळ म्हणजे त्यांचं गाव.

मग गाव सुटायला लागलं. समाजाच्या आठवणीप्रमाणे मुंबईत येऊन राहिलेलं पहिलं बेने इस्रायल घराणं दिवेकरांचं, आणि साल १७४६. कंपनी सरकारला पलटणी उभ्या करायच्या होत्या, बंदरात सुतार, गवंडी, कारकून हवे होते. घाण्यावर कुटुंब वाढेल तसं पोट भरेना. माणसं पडावात बसून मुंबईला आली आणि मुंबईत उतरताच त्यांना गावाचं नाव लागलं. दिव्यात राहणारा ‘शनवार तेली’ मुंबईत ‘दिवेकर’ झाला. किहीमला राहणाऱ्याला किहीमकर म्हणायचं कारणच नव्हतं. मुंबईत मात्र दहा समाजी आणि पंधरा आबाजी एकत्र आले, तेव्हा कोणता समाजी हे सांगायला गावच उपयोगी पडलं.

या दिवेकरांतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे समाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. तो कंपनीच्या देशी पलटणीत कमांडंटपर्यंत चढला. म्हैसूरच्या लढाईत तो आणि त्याचा भाऊ टिपूच्या कैदेत पडले. धर्म विचारल्यावर ‘बनी इस्रायल’ असं उत्तर आलं, ते नाव कुराणात असल्याचं टिपूच्या आईला ठाऊक होतं आणि म्हणून जीव वाचला, अशी आख्यायिका समाजात सांगतात. सुटून आल्यावर समाजीनं नवस फेडला. १७९६ साली मुंबईत मांडवीला त्यानं ‘शाअर हारहमीम’ हे सिनेगॉग बांधलं. दयेचं दार असा त्याचा अर्थ. बेने इस्रायलांचं हे पहिलं सिनेगॉग. त्याच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी हे सिनेगॉग म्हणजे ‘जुनी मशीद’. पुढच्याच वर्षी तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणायला तो कोचीनला गेला आणि तिथंच वारला.

समाजी पलटणीत होता त्याच काळात युरोपात ज्यूंच्या नावांवर राजाज्ञा निघत होत्या. तिकडच्या बहुतेक ज्यूंना तोवर कायमचं आडनाव नव्हतं. याकोब बेन मोशे, म्हणजे मोशेचा मुलगा याकोब, एवढ्यावर भागायचं. सरकारांना कर वसूल करायचा होता, सैन्यभरती करायची होती, म्हणून वहीत दर घराचं एकच न बदलणारं नाव हवं होतं. १७८७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ यानं फर्मान काढलं की १ जानेवारी १७८८ पासून प्रत्येक ज्यू कुटुंबानं कायमचं आडनाव लावावं आणि पाळण्यातली नावंही जर्मन असावीत. ज्यू भाषेतली नावं बंद, आणि राहत्या गावावरून पडलेली नावंही बंद. अमुक कोलीनचा, तमुक टेप्लित्सचा, असं म्हणवून घ्यायचं नाही. १८०८ साली नेपोलियननं फ्रान्सच्या साम्राज्यासाठी असंच फर्मान काढलं. त्यातही दोन प्रकारची आडनावं नामंजूर केली: बायबलच्या जुन्या करारातली आणि शहरांची. पूर्वीपासून असं आडनाव चालत आलेल्यांना तेवढी सूट होती.

या दोन फर्मानांशेजारी कोकणातली यादी ठेवून पाहा. बेने इस्रायलांकडं दोनच प्रकारची आडनावं होती आणि आहेत. एक गावाची, दुसरी बापजाद्यांची, म्हणजे बायबलमधली. सम्राटांनी नेमक्या ज्या दोन गोष्टी ज्यूंना नाकारल्या, त्याच कोकणातल्या कुणब्याकोळ्यांनी, आगरीभंडाऱ्यांनी आणि त्यांच्या भाषेनं या लोकांना न मागता दिल्या. त्यासाठी कोणतंही फर्मान निघालं नाही, कुणी कचेरीत रांग लावली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ज्या रीतीनं नाव लागलं, त्याच रीतीनं यांनाही लागलं. महाराष्ट्राच्या इतिहासात अभिमानानं सांगाव्या अशा ज्या गोष्टी आहेत, त्यांत ही एक मी धरतो.

शेजाऱ्यांचीच रीत असल्यामुळं नाव एकट्या ज्यूंचं राहिलं नाही. दांडेकर म्हटलं की आपल्याला चित्पावन आठवतात. पण अहमदाबादचं कांकरिया प्राणिसंग्रहालय उभं करणारे, १९७५ साली पद्मश्री मिळालेले रूबेन डेव्हिड यांचं घराणंही दांडेकरांचं, आणि ते बेने इस्रायल. घोसाळकर, नागावकर, पेणकर यांचंही तसंच. आडनावावरून जात हुडकण्याची आपली जी जुनी खोड आहे, ती या मुलखात वारंवार फसते.

१९व्या शतकात शिक्षण आलं. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, जॉन विल्सननं १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं, कोचीनचे धर्मशिक्षक गावोगाव फिरले. अलिबागला, रेवदंड्याला, पनवेलला, पेणला सिनेगॉगं उभी राहिली. १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठी हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली, १८७४ साली पुण्यात चित्रांसह दुसरी निघाली, आणि तिच्या कर्त्यांचं आडनाव तळकर. १८८०च्या सुमारास मोझेस आणि अब्राहाम यांच्या कथा मराठी कीर्तनात आल्या. नारदीय कीर्तनाच्या धर्तीवर उभं राहून, साक्या आणि आर्या म्हणत, बायबलची आख्यानं सांगणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर होते. अष्टमी रोह्याला लागून आहे.

याच काळात समाजी पुन्हा सॅम्युएल झाला आणि हसाजी इझिकेल. आता एकाच माणसाला तीन ठिकाणी तीन नावं झाली. सिनेगॉगमध्ये तोरा वाचायला बोलावताना किंवा लग्नाच्या करारपत्रात, म्हणजे केतुब्यात, तो ‘शमुएल बेन यहेझकेल’. तिथं गाव नाही, आडनाव नाही, फक्त बाप. आळीत तो दिवेकर. पलटणीच्या हजेरीपटावर, कस्टममध्ये, रेल्वेच्या कचेरीत तो सॅम्युएल इझिकेल. इंग्रजांना स्वतःचं, बापाचं आणि गावाचं अशी तीन नावं पेलत नसत, म्हणून तिसरं गळायचं आणि दुसरं आडनावाच्या रकान्यात जाऊन बसायचं. बापाचं पाळण्यातलं नाव असं थिजून घराण्याचं आडनाव झालं. मोझेस, सॅमसन, बेंजामिन, अब्राहाम, इझिकेल ही बेने इस्रायल आडनावं बहुतेक अशा कचेऱ्यांत तयार झाली.

बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंतही हेच घडलं. पुण्याचं ससून हॉस्पिटल, मुंबईचा ससून डॉक यांतला ‘ससून’ हे डेव्हिड ससूनच्या बापाचं नाव. डेव्हिड १८३२च्या सुमारास मुंबईला आला आणि ते नाव घराण्याचं झालं. एवढाच धागा. त्यांचं जग वेगळं होतं, भाषा अरबी होती, आणि कोकणातल्या बेने इस्रायलांना बरोबरीनं वागवायला ते फारसे राजी नव्हते.

‘कर’ टिकलं कुणाचं आणि गळलं कुणाचं, हे एकेका घरात शिरल्याशिवाय कळत नाही. मुंबईचा डॉ. ई. मोझेस रोड सगळ्यांना ठाऊक आहे. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर झालेले हे डॉक्टर एलाया मोझेस राजपूरकर. पाटीवर मोझेस उरले, राजपुरी गेली. कवी निस्सीम इझिकेल तळकरांचे, पण त्यांच्या एकाही वाचकानं त्यांना तळकर म्हटलं नसेल. नट डेव्हिड, ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, हे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. चौलाचं जुनं उच्चारण त्या आडनावात जसंच्या तसं राहिलं आहे, पण पडद्यावर फक्त डेव्हिड आले. ‘आलम आरा’ हा १९३१चा भारतातला पहिला बोलपट ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड म्हणजे पेणकर.

उलटही झालं. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड, १९६६ च्या पद्मश्री, यांच्या घरानं ‘कर’ सोडलं आणि गाव ठेवलं. नुसतं झिराड. शलोम बापूजी जंजिऱ्याच्या सिद्दीचे कारभारी होते आणि त्यांचे भाऊ जेकब बापूजी औंधचे. घराणं वरघरकरांचं, पण बापूजी या नावापुढं त्यांनी लावलं ‘इस्रायल’. जेकब बापूजींचे चिरंजीव बेंजामिन जे. इस्रायल यांनी या समाजाचा इतिहास फार काटेकोरपणे लिहिला. ‘बापूजी इस्रायल’ हे नाव महाराष्ट्राबाहेर कुठं जन्माला आलं असतं असं मला वाटत नाही.

या नावांकडं इतिहास म्हणून पाहणारे पहिले मोठे अभ्यासक हाईम सॅम्युएल केहीमकर. किहीमचे. १८७५ साली त्यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढं माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आयुष्यभर घरोघर जाऊन त्यांनी रीतीभाती, गाणी, घराण्यांच्या हकिकती आणि आडनावं गोळा केली. समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ साली लिहून पुरा झाला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला, केहीमकर गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्यांनी आडनावांची यादी केली नसती तर कोणत्या गावात इस्रायलांची घरं होती हे आज सांगणं अवघड झालं असतं. कितीतरी गावांत आता एकही घर नाही, घाणा तर नाहीच. आडनाव तेवढं आहे, आणि कागदपत्राइतकाच मी त्याला पुरावा मानतो.

स्वातंत्र्याच्या वेळी समाज सुमारे २० हजारांचा होता. १९४८ साली इस्रायल झालं आणि माणसं जहाजानं, विमानानं जायला लागली. दिव्याहून मुंबईला येताना गावाचं नाव बरोबर आलं होतं, तेच आता आणखी पुढं निघालं. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला. तिथल्या वस्त्यांत पेणकर, दिवेकर, घोसाळकर यांच्या पाट्या लागल्या. त्या देशात तेव्हा जुनी नावं टाकून हिब्रू नावं घेण्याची लाट होती. पहिले पंतप्रधान बेन गुरियन हे मूळचे ग्रून. काही बेने इस्रायलांनी नावं बदलली, पुष्कळांनी बदलली नाहीत. पुढं तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

याच देशात त्यांच्या नावावर गदा आली. १९६२च्या फेब्रुवारीत तिथल्या मुख्य धर्मपीठानं विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश दिला. बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यूशी लग्न करू पाहत असेल, तर त्यांची आई, आजी आणि त्यामागं जितकं जाता येईल तितकं मागं जाऊन ते रक्त ज्यू आहे की नाही याची चौकशी करावी.

इथं कोकणच्या आडनावाची मर्यादा उघडी पडली. ‘कर’ चालतं बापाकडून. पणजोबा झिराडचे होते हे आडनाव छातीठोकपणे सांगतं. पणजी कोणत्या गावची, तिची आई कोण, याबद्दल ते मुकं असतं, कारण लग्नाच्या दिवशी तिचं माहेरचं आडनाव गेलेलं असतं. ज्यू धर्मशास्त्र वंश आईकडून मोजतं, आणि मराठी रिवाज नाव बापाकडून देतो. शतकानुशतकं शनिवारचा घाणा बंद ठेवणाऱ्या घरांतल्या बायकांची नावंच कुठं लिहिलेली नव्हती, आणि धर्मपीठ नेमकं तेवढंच विचारत होतं.

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात ते कुटुंबासह जेरुसलेमला येऊन धरणं धरून बसले. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यभर कोणत्याही सरकारापुढं आवाज चढवलेला नव्हता. वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूनं झाली. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं यासाठी खास बैठक घेतली, आणि बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, इतरांशी त्यांच्यात कोणताही भेद करता येणार नाही, अशी भूमिका पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं आणि संसदेनं मांडली. ३१ ऑगस्ट १९६४ रोजी धर्मपीठानं आदेशाचा मजकूर बदलला. चौकशीचा नियम रद्द झाला नाही, ज्याच्या वंशाबद्दल शंका असेल अशा कुणालाही तो लागू राहिला. त्यातून ‘बेने इस्रायल’ हे दोन शब्द मात्र काढून टाकण्यात आले.